यंत्र भाड्याचे चालेल, खेळ मात्र आपला हवा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

व्हिडिओ गेम खेळण्यासाठी यापुढे महागडे यंत्र घरी आणावे लागणार नाही, खेळ दूरच्या एखाद्या सर्व्हरवर चालेल, त्याचे चित्र इंटरनेटवरून आपल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर उमटेल आणि कन्सोल (टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र), ग्राफिक कार्ड (संगणकात चित्र तयार करणारा भाग) या वस्तू हळूहळू दुकानांतून दिसेनाशा होतील, अशा आशयाचे लेख अलीकडे वारंवार वाचनात येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स कन्सोलच्या खेळांची अशी 'स्ट्रीमिंग' सेवा भारतात सुरू केल्यापासून माझ्याकडे येणारे पालक आणि विद्यार्थीही विचारू लागले आहेत, की आता यंत्र घ्यावे की थांबावे. या प्रश्नावर नागपुरातल्या अनुभवावरून काही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र. ते थोडे लांबले आहे, पण विषय घराघरातल्या पैशांशी आणि मुलांच्या वेळेशी निगडित असल्याने आपण जागा द्याल अशी आशा आहे.

मी गेली बावीस वर्षे संगणक जोडण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करतो. त्यातली पहिली नऊ-दहा वर्षे सीताबर्डीच्या एका गल्लीत गेमिंग कॅफेही चालवला. लोकांनी यंत्रे विकत घेतली तर त्यात माझा फायदा आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचकांनी पुढचे वाचावे. तरीही माझे मत असे आहे, की यंत्र आपल्या मालकीचे असावे असा हट्ट खेळणाऱ्यांना असतो हा समज खरा नाही. यंत्र भाड्याने वापरायला खेळणारा फार पूर्वीपासून तयार आहे. त्याला सोडवत नाही तो खेळ, आणि त्या खेळात त्याने घातलेला वेळ. स्ट्रीमिंग सेवा देणाऱ्या कंपन्या या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि म्हणूनच वारंवार तोंडघशी पडतात.

कॅफेत माझ्याकडे दहा संगणक होते आणि ताशी पंधरा ते वीस रुपये दर होता. महाल, इतवारी, धंतोलीपासून मुले सायकलने येत आणि काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा खेळ खेळत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी तो खेळ चालेल असा संगणक नव्हता आणि त्याचे त्यांना फारसे काही वाटतही नव्हते. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणून अख्ख्या वाड्याला सिनेमे दाखवले होते. लग्नाची भांडी भाड्याने, मांडव भाड्याने, घरही भाड्याने, अशा समाजात यंत्र भाड्याने घेण्याचा संकोच कोणाला वाटणार? तेव्हा "भारतीय ग्राहकाला मालकी हवी असते" हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला ते पटत नाही.

पण त्याच कॅफेत घडलेली एक गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही. एक मुलगा रोज संध्याकाळी एक तास येऊन पाचव्या क्रमांकाच्या संगणकावर एकच लांबलचक कथेचा खेळ खेळत असे. जवळजवळ दोन महिने हा क्रम चालला होता. एके दिवशी व्हायरस शिरला म्हणून मी तो संगणक फॉरमॅट केला आणि त्याची सेव्ह फाइल, म्हणजे खेळातल्या प्रगतीची नोंद, त्यात गेली. संध्याकाळी तो आला, खुर्चीत बसला, एकेक फोल्डर उघडून पाहत राहिला आणि काही न बोलता तासाचे पैसे टेबलावर ठेवून निघून गेला. पैसे मी परत केले असते, परंतु त्याचे दोन महिने परत करणे माझ्या हातात नव्हते. त्यानंतर मी नियमच केला, की ज्याला हवे त्याने आपली सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी आणि ज्याच्याकडे पेन ड्राइव्ह नसेल त्याची फाइल मी सीडीवर उतरवून ठेवावी. भाड्याच्या यंत्रावर खेळणाऱ्याचेही काहीतरी स्वतःचे असते, हे मला त्या मुलामुळे कळले.

हीच गोष्ट पुढे जगाच्या पाठीवर फार मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकेत जून २०१० मध्ये ऑनलाइव्ह नावाची सेवा सुरू झाली. घरी फक्त एक छोटा डबा आणि कंट्रोलर, बाकी सगळे दूरच्या सर्व्हरवर, अशी ती कल्पना होती आणि काळाच्या मानाने ती थक्क करणारी होती. लोकांनी तिथे पैसे मोजून खेळ घेतले. ३० एप्रिल २०१५ रोजी ती सेवा बंद झाली, तिची पेटंट सोनीने विकत घेतली आणि लोकांनी घेतलेले खेळ त्या सेवेबरोबरच गेले. त्यानंतर गूगलने १९ नोव्हेंबर २०१९ रोजी चौदा देशांत स्टेडिया नावाची अशीच सेवा सुरू केली. भारत त्या यादीत कधीच आला नाही. गूगलजवळ सर्व्हर होते, केबल होत्या, पैसाही होता, तरी १८ जानेवारी २०२३ रोजी स्टेडिया बंद झाली. गूगलने यंत्राचे आणि आपल्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे पैसे परत केले, हे नमूद केलेच पाहिजे, कारण तसे करण्याचे धैर्य फार थोड्या कंपन्या दाखवतात. पण ज्या खेळांत आपली प्रगती दुसऱ्या यंत्रावर नेण्याची सोय नव्हती, तिथली प्रगती तिथेच संपली. पाचव्या क्रमांकाच्या संगणकावर जे घडले होते, तेच हे.

माझ्या मते स्टेडियाची मुख्य चूक तंत्राची नव्हती. यंत्र भाड्याचे, पण खेळ मात्र पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि तो त्या भाड्याच्या यंत्रापलीकडे कुठेही चालणार नाही, हा व्यवहार खेळणाऱ्याला पटला नाही. भाड्याच्या घरात राहणारा माणूस स्वतःच्या पैशाने कपाट घेतो ते घर सोडताना बरोबर नेता येईल या भरवशावर. घरमालक म्हणाला, की कपाट तुझ्या पैशाचे पण जाताना इथेच ठेवायचे, तर कोणीही कपाट घेणार नाही.

याउलट ग्राफिक कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स नाऊ या सेवेची रचना पाहावी. तिथे खेळ आपण स्टीम किंवा एपिक यांसारख्या ऑनलाइन दुकानातून आपल्या खात्यावर घेतो आणि सेवेकडून फक्त ताकदवान संगणक भाड्याने घेतो. उद्या ती सेवा परवडेनाशी झाली, तरी खेळ आपल्या खात्यावर राहतो आणि पुढे कधी स्वतःचा संगणक घेतला तर त्यावर उतरवता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ही सेवा चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडली तेव्हा अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड, बेथेस्डा, टू-के अशा मोठ्या प्रकाशकांनी आपले खेळ तिथून काढून घेतले. ग्राहकाने पैसे भरून घेतलेला खेळ त्याने स्वतःच्या संगणकावर चालवावा की भाड्याच्या, हे प्रकाशकाने ठरवावे हे मला अजूनही न्याय्य वाटत नाही. पुढे या सेवेने महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली, म्हणजे रोजचे सरासरी तीन तास वीस मिनिटे. कॅफेचालक म्हणून मला ती मर्यादा रास्त वाटते, कारण भाड्याच्या वस्तूला मीटर असतोच. सेवा तगून राहिली याचे कारण मात्र मी वर सांगितलेल्या रचनेत आहे, असे मला वाटते.

आता नागपूरकडे वळतो. खेळणारे स्ट्रीमिंग स्वीकारतील का, याचे उत्तर गावागणिक बदलते, आणि ते बदलते ते अंतरामुळे.

सिनेमा पाहताना पुढची दहा-वीस सेकंदे आधीच उतरवून ठेवता येतात, त्यामुळे मध्येच नेट क्षणभर अडखळले तरी आपल्याला कळत नाही. क्रिकेटचा सामना मोबाइलवर पाहताना शेजारच्या घरातून षटकाराचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. तिथे ते चालते. खेळात चालत नाही, कारण पुढचे चित्र कोणते असेल हे खेळणाऱ्याने आत्ता कोणते बटण दाबले यावर ठरते. न दाबलेल्या बटणाचे चित्र आधी तयार करून पाठवता येत नाही. बटण दाबल्याची वार्ता सर्व्हरपर्यंत जायची, तिथे नवे चित्र तयार व्हायचे, ते आकुंचित करून परत यायचे, आपल्या यंत्राने ते उलगडायचे आणि टीव्हीने दाखवायचे, हा सगळा फेरा डोळ्याला आणि बोटाला जाणवणार नाही इतक्या वेळात पूर्ण व्हावा लागतो. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. मारामारीच्या किंवा नेमबाजीच्या खेळात दोन-तीन चित्रांचा उशीर म्हणजे हार.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा आहे. केबल अगदी त्या महामार्गासारखी सरळ टाकली आहे असे धरले, तरी जाण्यायेण्याला सात मिलिसेकंद लागतात. कोणतीही कंपनी, कितीही पैसा ओतून, हे सात मिलिसेकंद कमी करू शकत नाही. प्रत्यक्षात केबल वळणावळणाने जाते, वाटेत अनेक ठिकाणी माहिती थांबते, रांगेत उभी राहते, आणि घरात आल्यावर वायफायच्या गर्दीत सापडते. मुंबईच्या मुलाला हा सात मिलिसेकंदांचा भुर्दंड पडत नाही, कारण मोठी डेटा सेंटर तिथेच आहेत. आपण झिरो माइलच्या दगडाचा अभिमान बाळगतो, देशाच्या मध्यावर असल्याचे सांगतो. पण सर्व्हर मुंबई, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली अशा दूरदूरच्या शहरांत असतील, तर मध्यावर असणे म्हणजे सगळ्यांपासून दूर असणे होय. त्यातल्या त्यात हैदराबाद आपल्याला सुमारे पाचशे किलोमीटरवर, म्हणजे मुंबईपेक्षा जवळ आहे.

गेल्या काही महिन्यांत मी निरनिराळ्या सेवा दुकानात आणि मनीषनगरच्या घरी वापरून पाहिल्या. दुपारी, टीव्हीला राउटरमधून थेट लॅनची केबल जोडून आणि टीव्ही गेम मोडवर (चित्र कमीत कमी उशिराने दाखवण्याच्या सोयीवर) ठेवून, कथाप्रधान खेळ इतका सुरळीत चालला, की माझ्या भाच्याला तो घरच्या यंत्रावर चालला आहे असेच वाटले. रात्री नऊ ते अकरा या वेळात, त्याच घरात, वायफायवर, चित्र मधूनमधून चौकटीचौकटींचे होत होते आणि गाडीचे चाक वळवल्यावर गाडी क्षणभराने वळत होती. सरासरी वेग दोन्ही वेळी पुरेसा होता. फरक पडत होता तो सातत्यात. उशीर कायम सारखा असला तर बोटे त्याच्याशी जुळवून घेतात, पण तो कधी वीस आणि कधी ऐंशी मिलिसेकंद झाला तर माणसाला जुळवून घेता येत नाही. सदनिकांच्या इमारतीत दहा-बारा राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, त्यामुळे दोष अनेकदा दूरच्या सर्व्हरचा नसून आपल्याच भिंतीआडचा असतो. त्यात सिमेंट रस्त्यांच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की दोन-दोन दिवस काहीच नसते. अशा दिवशी ज्याच्या घरी यंत्र आणि उतरवलेला खेळ आहे, तो खेळत राहतो.

मोबाइलच्या नेटपॅकवर हा खेळ चालवण्याचा विचार करणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे अगदी बेताच्या दर्जाचे चित्र घेतले, तरी तासाला साडेचार जीबी लागतात. रोज २ जीबीचा पॅक असेल, तर तो सत्तावीस मिनिटांच्या आत संपतो. एखाद्या दूरसंचार कंपनीने आपल्याच गेमिंग सेवेचा डेटा फुकट द्यायचे ठरवले, तर फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास केलेली मनाई आड येते, आणि ती मनाई राहिली पाहिजे असे माझे मत आहे, कारण आज खेळाच्या डेटाला सवलत मिळाली तर उद्या कोणाच्या बातम्यांना मिळेल, हे सांगता येत नाही. घरच्या फायबर जोडणीवर मात्र ही अडचण नाही.

पैशांचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्कच्या आवृत्तीची किंमत ४९,९९० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीतल्या अल्टिमेट या सर्वांत वरच्या श्रेणीचे भारतातले मासिक शुल्क ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेले. त्या दराने छत्तीस महिन्यांचे भाडे ५०,००४ रुपये होते. म्हणजे तीन वर्षांत एका कन्सोलइतके पैसे जातात आणि हातात काही राहत नाही. पण याच भाड्यात शेकडो खेळ येतात, तर कन्सोलच्या एकेका नव्या खेळाला चार-पाच हजार मोजावे लागतात, हेही तितकेच खरे आहे. शिवाय त्याच महिन्यात खालच्या, स्वस्त श्रेणींमध्येही स्ट्रीमिंग देण्यात आले. ज्याला वर्षाकाठी दोनच खेळ शांतपणे पूर्ण करायचे आहेत त्याला यंत्र स्वस्त पडेल, ज्याला दर आठवड्याला नवे काही चाखायचे आहे त्याला भाडे. मला खटकते ते वेगळेच: एका रात्रीत दर दीडपटीहून अधिक होऊ शकतो, आणि तेव्हा भाडेकरूजवळ सेवा सोडण्याखेरीज काही उरत नाही. यंत्र एकदा घेतले की त्याची किंमत नंतर कोणी वाढवू शकत नाही.

यंत्रांच्या बाजूनेही परिस्थिती सोपी राहिलेली नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली, की रॅमचे भाव चढले आणि ग्राहकाला सकाळी दिलेले कोटेशन संध्याकाळी पाळणे मला कठीण झाले. त्याआधी, आभासी चलन (क्रिप्टो) मिळवण्यासाठी ग्राफिक कार्डे वापरली जात त्या काळात, त्यांची अशीच टंचाई झाली होती. शिवाय नागपूरचा उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, खोलीत कूलरची दमट हवा असते, आणि चारशे-पाचशे वॅट ओढणारा संगणक त्या खोलीत स्वतःची उष्णता सोडत असतो. दर उन्हाळ्यात माझ्याकडे वाळलेली थर्मल पेस्ट, गंजलेले कनेक्टर आणि जळालेले एसएमपीएस (संगणकाच्या वीजपुरवठ्याचे डबे) यांची रांग लागते. स्ट्रीमिंगमध्ये ही सगळी उष्णता दुसऱ्या शहरातल्या वातानुकूलित इमारतीत राहते, वीज गेली तरी इन्व्हर्टरवरचा राउटर आणि मोबाइल चालू राहतो, आणि आईवडिलांना पंखा चालवायचा की संगणक, हा वाद घालावा लागत नाही. नागपूरसारख्या शहरात ही सोय लहान नाही. दुकानदार असूनही मी ती मान्य करतो.

म्हणून माझा अंदाज असा आहे, की ज्यांच्याकडे आज यंत्र आहे ते ते सोडणार नाहीत. स्ट्रीमिंग स्वीकारतील ते ज्यांच्याकडे यंत्र कधी नव्हतेच. वसतिगृहात जुना लॅपटॉप घेऊन राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, आठवड्यातून दोन तास मिळणारा नोकरदार, मुलांना सुट्टीपुरते काही द्यावे असे वाटणारे पालक, हे त्याचे खरे ग्राहक आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. त्या वाटेने जाऊ पाहणारी जी मुले आहेत, त्यांना मी स्पष्ट सांगतो, की स्पर्धेची तयारी स्वतःच्या यंत्रावरच करावी. स्पर्धेत सात मिलिसेकंदांची सबब कोणी ऐकत नाही. पालकांना माझा सल्ला एवढाच, की वर्षाचे शुल्क एकदम भरू नये, एक महिना घ्यावा आणि दुपारी नव्हे तर रात्री साडेनऊला, लॅनच्या केबलवर आणि वायफायवर, दोन्ही प्रकारे खेळून पाहावे.

यंत्र घरात असले म्हणजे खेळ आपला झाला, असे मात्र कोणी समजू नये. द क्रू हा मोटारींचा खेळ २०१४ पासून विकला जात होता. ३१ मार्च २०२४ रोजी यूबीसॉफ्ट या कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती, ज्यांचे यंत्र सुस्थितीत होते, त्यांचाही खेळ सुरू होईनासा झाला, अगदी एकट्याने खेळायचा भागसुद्धा. त्यातून युरोपात ग्राहकांची जी मोहीम उभी राहिली, तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून असे बंधन घातले, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळणार नसून केवळ वापराचा परवाना मिळणार असेल, तर ते स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय "विकत घ्या" असे लिहिता येणार नाही.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि फसव्या मांडणीला आळा घालणारी २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत, ज्यांत वर्गणीच्या सापळ्याचा उल्लेख आहे. डिजिटल खेळाच्या मालकीबाबत मात्र ग्राहकाला आधी सांगण्याचे असे स्पष्ट बंधन असायला हवे. ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या विदर्भातील मंडळींनी हा विषय हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे. खेळाच्या विक्रीच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच, तीन गोष्टी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात: ही विक्री आहे की परवाना, सेवा बंद झाल्यास खेळ दुसऱ्या यंत्रावर नेता येईल की नाही, आणि आपली प्रगती, म्हणजे सेव्ह फाइल, आपल्याला उतरवून घेता येईल की नाही. तिसरी गोष्ट मी मुद्दाम आग्रहाने मांडतो आहे. कंपनीला तिचा खर्च जवळजवळ काहीच नाही. अशी फाइल बहुधा काही मेगाबाइटची असते, आणि मी एका छोट्या कॅफेत जे सीडीवर करत होतो ते एवढ्या मोठ्या डेटा सेंटरांना अशक्य असू शकत नाही.

दुसरी विनंती शहराच्या कारभाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना. नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आल्या, याचा आनंद आहे. तिथे जागा आहे आणि जवळच कोराडी, खापरखेड्याची वीज आहे. स्ट्रीमिंग सेवांनी आपले काही सर्व्हर नागपुरात ठेवावेत, यासाठी प्रयत्न व्हायला हवेत. इथून अमरावती, चंद्रपूर, रायपूर, जबलपूर ही सगळी शहरे मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहेत, आणि जवळ आलेल्या सर्व्हरचा उपयोग केवळ खेळणाऱ्यांना होत नाही. दूरस्थ वैद्यकीय तपासणी असो, ऑनलाइन वर्ग असो, ज्या ज्या कामात उत्तर तत्काळ यावे लागते त्या प्रत्येकाला होतो.

तोपर्यंत माझ्याकडे जो मुलगा येऊन विचारेल, की काका, यंत्र घेऊ की भाड्याने खेळू, त्याला मी आधी हे विचारीन, की तो खेळ कोणाच्या खात्यावर राहणार आहे. तुझ्या स्वतःच्या खात्यावर राहणार असेल, तर यंत्र खुशाल भाड्याचे घे.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
मनीषनगर, नागपूर